सुईणबाईंचा ताप

गावाच्या कडेला दोघा भावांचा दुधाचा गोठा होता. एकशेचाळीस गाई, पत्र्याच्या दोन लांबलचक शेड, मधे दूध थंड करायची खोली आणि टोकाला वासरांचं आवार. या गोठ्यात एक बाई एकोणिसाव्या वर्षी दुधाचे कॅन धुवायला लागली, ती बावन्नाव्या वर्षीही तिथंच होती. कॅन तिच्या हातून केव्हाच सुटले होते. तिला सगळे सुईण म्हणत. माणसाचं बाळंतपण मात्र तिनं जन्मात केलं नव्हतं. माणसं फार ओरडतात, असं तिचं म्हणणं होतं.

हे नाव तिला पहिल्याच वर्षी पडलं. एक कालवड अडली होती. वासराचा एक पाय आत दुमडलेला, आणि गुरांच्या डॉक्टरांचा दंड म्हणजे खांब. ते तेव्हा नवीनच नोकरीला लागले होते, घामानं निथळत होते. दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात बाहेर काढला आणि भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांचे हात बघितले. मग कॅन धुणाऱ्या पोरीला म्हणाले, "तू ये इकडे. कोपरापर्यंत साबण लाव."

तिनं हात घातला. आत गुडघा सापडला, गुडघ्यावरून खूर सापडला. खुरानं आतून फाटू नये म्हणून तिनं तो मुठीत झाकून घेतला आणि हळूहळू सरळ केला. वासरू बाहेर आलं, पण श्वास घेईना. तिनं त्याच्या नाकपुड्या पुसल्या, एक बोटानं दाबून धरली, दुसरीला तोंड लावलं आणि फुंकर घातली. चौथ्या फुंकरीला वासरू शिंकलं.

"हे तुला कुणी शिकवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी नाही. चूल पेटत नाही तेव्हा काय करतो आपण?"

तेव्हापासून तेहतीस वर्षं गोठ्यातली प्रत्येक अडलेली गाय तिच्या हाताखालून गेली. हात लहान, बोटं लांब, आणि घाई कशी ती नाही. डॉक्टरही तिच्यासमोर म्हातारे झाले. लस टोचायला आले की तिच्याशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय ते जात नसत.

घरी तिघं होती. ती, तिचा नवरा आणि मोठी नणंद. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, दुकानाच्या वरच्या मजल्यावर घर. जिना अरुंद, अठरा पायऱ्यांचा. नवऱ्याला बोलायची हौस. पंक्चर काढता काढता तो गिऱ्हाइकाला अख्ख्या गावाची खबर द्यायचा. नणंद लाँड्रीत इस्त्री करायची. तिनं लग्न केलं नव्हतं आणि त्याचं कारण कुणी विचारलं, तर "इस्त्री न मोडणारा माणूस भेटला नाही," म्हणून सांगायची. जीभ तिखट, पण भावजयीवर तिचा जीव होता. तो ती कधी बोलून दाखवायची नाही, हा भाग वेगळा.

त्या वर्षी थंडीत गाई गाभडायला लागल्या. पहिली गाभडली ती पांढऱ्या कपाळाची, सातव्या महिन्यात. मग आठ दिवसांत दुसरी, मग एकाच आठवड्यात तीन. मेलेली वासरं, आणि मागे जार अडकलेली. जार म्हणजे वासराभोवतीचं वेष्टण. ते आत राहिलं तर सडतं, म्हणून हातानं सोडवून काढावं लागतं. सुईणीनं एकेक जार बोटांनी मोकळी केली. हातमोजे तिला आवडत नसत. "मोज्यातून मला काही दिसत नाही," ती म्हणायची. तिचे डोळे बोटांत होते.

एक वासरू अर्धवट जिवंत आलं. तिनं पंधरा मिनिटं त्याच्या नाकात फुंकर घातली. ते तासभर जगलं.

डॉक्टरांनी गाईंचं रक्त तपासायला पाठवलं. काही दिवसांनी गोठ्याच्या ऑफिसात खांद्यापर्यंतच्या हातमोज्यांचं एक मोठं खोकं आलं. थोरले मालक येता-जाता म्हणाले, "हे वापरत जा सगळ्यांनी." सगळे हो म्हणाले. खोकं तिथंच राहिलं, आणि महिन्याभरानं त्यावर कुणीतरी चहाचे कप ठेवायला लागलं.

पहिली गाय गाभडल्याला दीड महिना झाला तेव्हा सुईणीला ताप आला. संध्याकाळी घरी आल्यावर अंगात कणकण, मग हुडहुडी, मग घाम असा की चादर पिळून घ्यावी. सकाळी उठावं तर ताप गायब आणि ती कामावर हजर. दहा दिवस असं चाललं आणि थांबलं. पंधरा दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेला टायफॉइड म्हणाले, तिसऱ्या खेपेला मलेरिया. चौथ्या खेपेला रक्तात काही निघालं नाही तेव्हा त्यांनी तिचं वय विचारलं आणि म्हणाले, "या वयात बायकांना असं होतं. घाम येतो, अंग दुखतं, जीव घाबरतो. मन रमवा."

ते चांगले डॉक्टर होते, वेळेवर दवाखाना उघडणारे. पण चारही खेपांना ती कामावरून धुऊन-पुसून, स्वच्छ कपडे घालून त्यांच्यासमोर बसली, आणि ती दिवसभर काय करते हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही. सांगायचं तिच्याही मनात आलं नाही. पोट दुखत असेल तर पोटाचं सांगावं, गाईचं कशाला सांगा.

"हा ताप आहे की भाडेकरू?" नणंद म्हणाली. "ठरल्या वेळी येतो, ठरल्या वेळी जातो, आणि भाडं म्हणून अंगावरचं मांस नेतो."

नवरा हसला. मग त्यानं बायकोकडं नीट बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

असे आठ महिने गेले. कंबर धरली. अन्नावरची वासना उडाली. मग आणखी एक गोष्ट सुरू झाली: जिना चढताना सहाव्या पायरीला थांबावंसं वाटायचं. महिन्याभरात तिसऱ्या पायरीला. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून ती तीन उशा पाठीशी घेऊन निजायची. संध्याकाळी चपलांचे पट्टे पायांत रुतायचे. तिनं ते सैल केले आणि कुणाला सांगितलं नाही. गोठ्यात मात्र एक दिवस चुकवला नाही. तिच्यामागे वासरांना बाटलीनं दूध कोण पाजणार, हा प्रश्न तिला स्वतःच्या दम्यापेक्षा मोठा वाटत होता. दमा म्हणूनच ती त्याला ओळखत होती.

एका सकाळी वासरांच्या आवारात दुधाची बादली उचलताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं बादली खाली ठेवली, शेजारची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. उठू म्हणता उठता येईना. वासरं येऊन तिचा पदर चघळायला लागली.

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले.

"काय गं, बसलीस का?"

"दम लागला जरा."

"तुला? कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. तापानं अशक्तपणा आलाय."

"कसला ताप?"

"येतो-जातो. संध्याकाळी येतो, घाम येऊन उतरतो."

डॉक्टरांनी हातातली पेटी खाली ठेवली. "पहिल्यांदा कधी आला?"

तिच्या आठवणीत वर्षाचे महिने नव्हतेच, गाई होत्या. "ती पांढऱ्या कपाळाची गाभडली ना, त्यानंतर दीड महिन्यानं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, त्याचं टोक शर्टाला पुसलं. "मी माणसांचा डॉक्टर नाही," ते म्हणाले, "पण कान माझे अजून धड आहेत. इकडे वळ."

त्यांनी बराच वेळ ऐकलं. एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं, पुन्हा पहिल्या जागी आले. जिथं दोन स्वच्छ ठोके यायला हवेत तिथं दुसऱ्या ठोक्याच्या मागून फाटक्या भात्यासारखा एक लांब सुस्कारा येत होता. त्यांनी स्टेथोस्कोप काढून खिशात कोंबला, मग पुन्हा गळ्यात घातला.

"आजच मोठ्या हॉस्पिटलात जायचं. उद्या म्हणू नकोस. मी चिठ्ठी देतो, ती हृदयाच्या डॉक्टरांच्याच हातात द्यायची."

"इतकं काय झालंय?"

ते लशीच्या कागदाच्या पाठीमागे उभ्या-उभ्याच लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. "थंडीत गाईंचं रक्त पाठवलं होतं आपण. त्यात निघालं होतं."

"काय निघालं होतं?"

"ब्रुसेला म्हणून एक जंतू असतो. गाई त्यानंच गाभडतात. जारेत, मेलेल्या वासरात, दुधात, सगळीकडे असतो. माणसालाही होतो. ताप येतो, जातो, येतो. आणि क्वचित कुणाच्या हृदयात जाऊन बसतो."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "मला कुणी सांगितलं नाही."

"मी थोरल्यांना सांगितलं होतं. हातमोजे वापरायला लावा म्हणून."

"मोजे आणले होते त्यांनी. का घालायचे ते नाही सांगितलं."

"तुला मी स्वतः सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. तेहतीस वर्षांत ते तिच्यापुढं प्रथमच जमिनीकडं बघून बोलत होते.

ती रागावली नाही, निदान तेव्हा तरी नाही. रागवायलाही दम लागतो.

मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टर तरुण होत्या, केस आखूड कापलेले, बोलणं भराभर. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "हे गुरांच्या डॉक्टरांनी लिहिलंय?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि तिला स्वतःच सोनोग्राफीच्या खोलीत घेऊन गेल्या.

सुईणीला ते यंत्र नवीन नव्हतं. गाय गाभण आहे की नाही ते बघायला गुरांचे डॉक्टर तसलंच लहान यंत्र आणायचे. थंडगार मलम छातीवर पसरलं, पडद्यावर करडं-काळं काहीतरी हलायला लागलं. डॉक्टरीणबाई बोट ठेवून दाखवू लागल्या. हे हृदय. हे इथून रक्त बाहेर पडायचं दार, तीन पाकळ्यांचं. रक्त गेलं की दार मिटायला हवं.

"आणि ते लोंबतंय ते काय?" तिनं विचारलं.

एका पाकळीच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं आणि प्रत्येक ठोक्याला झेंड्यासारखं फडफडत होतं.

"तेच. जंतूंचा गोळा. त्यानं पाकळी कुरतडलीय, म्हणून दार मिटत नाही आणि गेलेलं रक्त मागे येतं. तुमचा दम तो आहे."

"गाईत असं हलताना दिसलं असतं तर मी गाभण म्हणून सांगितलं असतं," सुईण म्हणाली. डॉक्टरीणबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं.

मग त्यांनी नवऱ्याला आणि नणंदेला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. या आजाराच्या शंभर माणसांत एखाद-दोघांच्याच हृदयापर्यंत जंतू पोचतो. पण या आजारानं जी थोडी माणसं दगावतात, ती बहुतेक यातलीच असतात. औषधं आहेत, पण एका औषधानं भागत नाही. दोन-तीन एकदम आणि महिनोन्‌महिने द्यावी लागतात. आणि दार बहुधा बदलावं लागेल.

"दार बदलायचं म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"ऑपरेशन. छाती उघडून."

ज्याला गप्प बसवायला गिऱ्हाइकं थकायची, तो माणूस त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर संध्याकाळपर्यंत एक शब्द न बोलता बसला. दुसऱ्या दिवशी येताना तो तेलाची कुपी आणि पाना घेऊन आला, आणि वॉर्डातल्या सगळ्या कुरकुरणाऱ्या ढकलगाड्यांच्या चाकांना त्यानं तेल घातलं. नर्सनं हटकलं नाही. त्या चाकांचा आवाज तिलाही नको झाला होता.

सुईणीचं रक्त बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत गेलं. तिथले प्रमुख स्वतः खाटेपाशी आले. पांढरे केस, हळू आवाज. "बाई, तुमचं काम काय ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय," ते म्हणाले. "माझी माणसं ती बाटली उघडणार आहेत. हा जंतू हवेतून त्यांनाही लागू शकतो."

तिनं सांगितलं. फुंकरीचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा फार हळू वाढतो. पाच दिवसांत काही उगवलं नाही तर एरवी आम्ही बाटली फेकून देतो. तुमची तीन आठवडे ठेवू."

औषधं लगेच सुरू झाली. नवव्या दिवशी बाटलीत जंतू उगवला. नणंद त्या दिवशी इस्त्री केलेले गाऊन घेऊन आली होती. बातमी ऐकून ती खाटेच्या कडेला बसली. "म्हणजे मन रमवायची गरज नाही तर," ती म्हणाली आणि तोंड फिरवून गाऊनच्या घड्या पुन्हा घालत बसली.

औषधांनी ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. ऑपरेशनआधी काही आठवडे औषधं पोटात जायला हवी होती, तोवर ती वॉर्डातच राहिली. याच दिवसांत धाकटे मालक तिला भेटायला आले. फळांची पिशवी, इकडचं-तिकडचं बोलणं. शेवटी मुद्द्यावर आले.

"आरोग्य खात्याची बाई येईल तुमच्याकडे. विचारेल बरंच काही. तुम्ही आपलं तुमच्यापुरतं सांगा. किती गाई गाभडल्या, कोणत्या, ते तुम्हाला कुठं आठवणार. आजारी माणूस."

"आठवतंय मला," सुईण म्हणाली.

"सुईणबाई, कळप जाईल सगळा. तीस माणसांचं पोट आहे त्यावर."

"त्या तीस माणसांपैकी किती जणांना संध्याकाळी ताप येतो, ते विचारलंत का?"

धाकट्यांनी फळांची पिशवी टेबलावर नीट सरळ केली आणि ते गेले.

आरोग्य खात्याची बाई दोन दिवसांनी आली. सुईणीनं डोळे मिटून एकेक गाय सांगितली. पांढऱ्या कपाळाची. एक शिंग वाकडं असलेली. दोन बहिणी, शेजारी शेजारी बांधलेल्या. सतरा गाई झाल्या. जार कुणी उचलली, मेलेलं वासरू कुणी पुरलं, न उकळलेलं दूध कोण पितं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आमच्या घरी मीच न्यायची दूध. माझ्या नवऱ्याला आणि नणंदेलाही तपासा."

ती दोघं निर्मळ निघाली. "माझ्या बहिणीच्या अंगात तो जंतू गेला असेल," नवरा म्हणाला, "पण तिनं दोन शब्द सुनावल्यावर परत आला असेल." महिन्याभरात तो पहिल्यांदा असं काही बोलला, आणि सुईणीला बरं वाटलं. गोठ्यातली चार माणसं मात्र सापडली. त्यातले एक स्वतः थोरले मालक होते. वर्षभर ते कंबर धरून हिंडत होते आणि पलंग बदलून बघत होते.

कळपात चौतीस गाईंचं रक्त सदोष निघालं. रोग पसरू नये म्हणून सरकारी हुकमानं त्या मारायच्या ठरल्या. ते झालं त्या दिवशी दुपारी गुरांचे डॉक्टर वॉर्डात आले.

"कोणत्या?" तिनं विचारलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. ते एकेक गाय वाचत गेले आणि ती नुसती मान हलवत राहिली. बाराव्या गाईपाशी ती म्हणाली, "पुरे." ती गाय तिच्या फुंकरीवर जगलेली होती, आठ वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी कागद घडी करून ठेवला. खिडकीबाहेर एक माणूस कपड्यांची गाडी ढकलत होता.

थोरले मालक इंजेक्शनसाठी रोज त्याच हॉस्पिटलात यायचे. एकदा काठी टेकत तिच्या खाटेपाशी आले आणि स्टुलावर बसले.

"मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो."

"वाटलं, माणसं घाबरून काम सोडतील."

"मी सोडलं नसतं."

"म्हणून तर तुला सांगायला हवं होतं."

आता तिच्यात रागवण्याइतकी ताकद आली होती आणि तो राग तिनं लपवला नाही. ती त्यांच्याकडं सरळ बघत राहिली. ते उठून जायला निघाले तरी बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "कंबर कशी आहे?"

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाई दोन प्रकारची दारं घेऊन आल्या, दाखवायला. एक धातूचं. ते जन्मभर टिकतं, पण छातीत टिकटिक करतं आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. लागलं-खुपलं तर रक्त लवकर थांबत नाही. दुसरं पांढुरकं, मऊ, तीन पाकळ्यांचं. दहा-पंधरा वर्षं टिकतं.

"हे कशाचं?" तिनं मऊ दार बोटांत धरून विचारलं.

"गाईच्या हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिचं. साफ करून, औषधात मुरवून बनवतात."

सुईणीनं ती पाकळी अंगठ्याखाली हळूच दाबून बघितली. "त्या गाईचं रक्त तपासलं होतं ना?" तिनं विचारलं.

"तपासतात. सगळं तपासतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग हेच बसवा. गाईंच्या लाथा खाणारी बाई मी, रक्त पातळ करून कुठं बसू. आणि ते धातूचं टिकटिकतं म्हणालात. आमच्या नणंदबाईंना घड्याळाचा आवाजसुद्धा चालत नाही."

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. फाटकी पाकळी कापून काढली, नवं दार शिवलं. दोन दिवस तिला काही उमजत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं की ती जवळजवळ आडवी निजली आहे आणि तरी छातीवर कुणी बसलेलं नाही. छाती दुखत होती, घशात नळीचे ओरखडे होते, पण हवा आत जात होती आणि बाहेर येत होती. तिनं दहा श्वास मोजले आणि झोपली.

घरी आल्यावर अठरा पायऱ्या चढायला आधी तीन थांबे लागले, मग दोन, मग एक. गोळ्या पुढं सहा महिने चालल्या. त्यांनी लघवी लाल व्हायची, तोंडाला चव नसायची. नणंदेनं लाँड्रीतून अर्धा दिवस सुट्टी घ्यायला सुरुवात केली आणि भावजयीला सांगितलं, की लाँड्रीत हल्ली गिऱ्हाईकच नाही.

वर्षभरानं ती गोठ्यात गेली. डॉक्टरीणबाईंची अट होती: खांद्यापर्यंत हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि फुंकर कधीच नाही. तिनं अट मानली. पहिल्या दिवशी मोजे घालून अडलेल्या गाईत हात घातला तेव्हा तिला आंधळ्यासारखं वाटलं. महिन्याभरानं थोडं दिसायला लागलं. पूर्वीइतकं कधीच दिसलं नाही. श्वास न घेणाऱ्या वासरासाठी आता एक रबरी पंप होता. त्यानं बरीच वासरं उठायची. एक उठलं नाही. ती त्या वासराशेजारी गुडघे टेकून बसली, मास्कच्या आतून तिचे ओठ हलत होते. गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण उठलीही नाही. फुंकरीनं हे जगलं असतं, असं तिला तेव्हा वाटलं आणि पुढंही वाटत राहिलं. त्याचं खरं-खोटं करायला कुणी गेलं नाही.

ऑफिसातलं हातमोज्यांचं खोकं आता शेडच्या दारातच टांगलेलं होतं. नव्या माणसाला ती कामाआधी समोर बसवायची, ब्लाउजची वरची गुंडी काढून छातीवरचा व्रण दाखवायची आणि मग बोलायची. बोलणं पाच मिनिटांचं असायचं. बहुतेकांना व्रणच पुरायचा.

रिकाम्या झालेल्या दावणी भरायची वेळ आली तेव्हा थोरल्यांनी तिला सोबत नेलं. दूरच्या एका गोठ्यात सहा गाई विकायच्या होत्या. देखण्या गाई, भरलेल्या कासा, तकतकीत अंग. थोरल्यांचा चेहरा खुलला. सुईण गाईंमधून हिंडली, एकीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि विकणाऱ्यापाशी येऊन म्हणाली, "रक्ताचा कागद?"

"अहो बाई, गाय बघा. कागद काय बघता?"

"गाय बघितली. चांगलीच आहे. कागद दाखवा."

"कागद आहे, घरात असेल कुठंतरी."

"असू द्या. आम्हाला घाई नाही," ती म्हणाली आणि गव्हाणीच्या कट्ट्यावर बसली. थोरलेही कंबर सांभाळत तिच्या शेजारी बसले. विकणारा घरात गेला, बाहेर आला, परत आत गेला. अर्ध्या तासानं बाहेर येऊन तो दाराला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "तपासणी करायची राहिलीय खरी."

"मग तुम्हीही त्या गाईंचं दूध उकळूनच प्या," सुईण म्हणाली. ती उठली, चपलांत पाय सरकवले, आणि थोरल्यांना विचारलं, "पुढचा गोठा किती लांब आहे?"